नवा कार्ब्युरेटर बसवूनही गाडी स्लोला बंद पडते आणि घाट चढल्यावर सुरू होत नाही : दोष शोधण्याचा क्रम

मारुती ८००, ओम्नी किंवा प्रीमियर पद्मिनीचा जुना कार्ब्युरेटर (हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग) झिजला म्हणून बाजारातला नवा आणून बसवला, आणि तरीही गाडी स्लोला, म्हणजे ॲक्सिलरेटरवर पाय नसताना, थरथरून बंद पडते, किंवा आंबा घाट चढून वर चहाला थांबल्यावर वीस मिनिटांनी स्टार्टर कितीही मारला तरी इंजिन पकड घेत नाही, ही तक्रार कोकणातल्या गॅरेजांत पुन्हा पुन्हा ऐकू येते. पद्मिनीचे उत्पादन थांबून दोन दशकांहून अधिक काळ लोटला आहे आणि मारुती ८०० मध्येही २००० सालच्या सुमारास कार्ब्युरेटरची जागा इंजेक्शनने घेतली, त्यामुळे मूळ कंपनीचा भाग मिळणे कठीण झाले असून लोकल माल घेण्यावाचून बहुतेकांना पर्याय उरलेला नाही. तक्रार परत आली की सहसा मेस्त्री स्क्रू फिरवत राहतो, आणि त्याने भागले नाही की कार्ब्युरेटरच खराब निघाला असे ठरवून दुसरा मागवला जातो. माझे मत असे की, या तक्रारींत नव्या कार्ब्युरेटरच्या पोटातला दोष क्वचितच असतो. तो इंजिनवर जिथे बसतो त्या जोडात, इंजिनाची उष्णता ज्या वाटेने त्याच्यापर्यंत येते त्या वाटेत, आणि गेल्या काही वर्षांत बदललेल्या पेट्रोलमध्ये खरे कारण असते. म्हणून स्क्रूला हात लावण्याचे काम सर्वांत शेवटी करावे.

जुना कार्ब्युरेटर उतरवला असेल तर तो भंगारात देऊ नये. त्याच्या मेन जेटवर आणि स्लो जेटवर (पेट्रोल मापून सोडणाऱ्या बारीक भोकांच्या तुकड्यांवर) कोरलेले आकडे, त्याच्याखाली किती जाडीचा बेकेलाइटचा (उष्णता अडवणाऱ्या कडक प्लास्टिकचा) तुकडा होता, पॅकिंग किती होती आणि कोणती नळी कोणत्या निपलला (नळी अडकवायच्या तोंडाला) जात होती, या सगळ्याचा तोच एकमेव पुरावा आहे. उतरवण्यापूर्वी मोबाइलवर चारही बाजूंनी छायाचित्रे काढून ठेवावीत. कार्ब्युरेटरवर काम सुरू करण्याआधी टॅपेट, प्लग आणि टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) बरोबर असल्याची खात्रीही करून घ्यावी, कारण पॉइंटमधले अंतर कमी झालेले असणे किंवा डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत पावसाळी दमट हवेने ठिणगी भलतीकडे पळणे, या दोन्हींची लक्षणे पेट्रोल कमी पडल्यासारखीच दिसतात. टोपी काढून आतून कोरडी पुसावी आणि केसासारख्या काळ्या रेषा दिसल्या तर ती बदलावी.

स्लोला बंद पडते, पण रेस केल्यावर बरी चालते

या एका वाक्यात निदानाचा मोठा भाग आलेला असतो. इंजिन स्लोवर असताना थ्रॉटलची, म्हणजे हवेची वाट उघडझाप करणारी, चकती जवळजवळ बंद असते आणि आत जाणारी हवा अगदी थोडी असते. अशा वेळी कुठल्याशा फटीतून थोडी हवा चोरून आत शिरली तरी मिश्रण पातळ होऊन (हवा जास्त, पेट्रोल कमी) इंजिन अडखळते. थ्रॉटल उघडल्यावर एकूण हवा अनेक पटींनी वाढते, फटीतून येणारी हवा मात्र उलट घटते, आणि दोष झाकला जातो. म्हणून स्लोला वाईट आणि रेसवर चांगली चालणारी गाडी कुठेतरी हवा घेत आहे, असे धरून चालावे. खात्रीसाठी इंजिन गरम झाल्यावर चोक (हवा अडवून पेट्रोल वाढवणारी सोय) थोडा ओढून पाहावा: इंजिन सावरले तर मिश्रण पातळ आहे, आणि आणखी बिघडले तर ते आधीच जाड आहे व शोध दुसऱ्या दिशेने न्यायला हवा.

हवा घेण्याची पहिली जागा म्हणजे कार्ब्युरेटरचा तळ. लोकल कार्ब्युरेटरची फ्लँज (तळाची बसवण्याची पट्टी) मऊ धातूची असते आणि दोन टोकांच्या स्टडवर नट जोराने आवळले की ती मधोमध कमानीसारखी उचलली जाते. स्टीलची पट्टी तळावर उभी धरून खालून उजेड दिसतो का ते पाहावे, ०.०५ मिमीचे फिलर गेजचे पान कुठेही खाली शिरत असेल तर तळ सपाट नाही. जाड काचेवर बारीक पॉलिश पेपर पसरून, त्यावर तळ इंग्रजी 8 च्या आकारात फिरवत घासला की तो सपाट होतो. मात्र त्याआधी सर्व छिद्रे बंद करावीत आणि नंतर पेट्रोलने धुऊन हवेने फुंकून काढावे. हीच तपासणी मॅनिफोल्डच्या (कार्ब्युरेटरमधून मिश्रण इंजिनात नेणाऱ्या नळकांड्याच्या) तोंडाची आणि बेकेलाइटच्या तुकड्याची करावी, कारण जुना बेकेलाइट उष्णतेने वाकतो आणि त्याला केसाएवढे तडे जातात. ज्या कार्ब्युरेटरला मॅनिफोल्डवर बसवण्यासाठी ॲडॉप्टर प्लेट लागते तिथे एकाऐवजी दोन जोड होतात आणि प्लेटचे भोक खालच्या तोंडापेक्षा सरकलेले असेल तर पॅकिंगचा काठ उघडा राहतो. पॅकिंग हातात धरून दोन्ही तोंडांवर ठेवून पाहावी, आणि नंतरच बसवावी.

पॅकिंगवर सिलिकॉन लावण्याची पद्धत सर्रास दिसते, आणि ती मला अजिबात मान्य नाही. साधे सिलिकॉन पेट्रोलमध्ये फुगते, त्याचे धागे सुटतात, ते जेटमध्ये जाऊन अडकतात आणि मग मूळ दोषाच्या जोडीला दुसरा दोष उभा राहतो. सपाट तोंडांमध्ये कोरडी, चांगल्या कागदाची पॅकिंग पुरते. नट आलटून पालटून, दोन-तीन टप्प्यांत, आखूड पान्याने मनगटाच्या जोराइतकेच आवळावेत आणि इंजिन एकदा पूर्ण गरम होऊन थंड झाल्यावर पुन्हा एकदा पाहावेत. बेकेलाइट आणि पॅकिंग पहिल्या गरमीत किंचित दबतात, आणि बसवल्यावर दोन दिवस चांगली चाललेली गाडी तिसऱ्या दिवशी बिघडण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे.

फट शोधण्यासाठी पेट्रोल किंवा क्लीनरचा फवारा मारण्याचा प्रघात आहे, पण गरम एक्झॉस्टच्या इतक्या जवळ तो धोका पत्करण्याची गरज नाही. कपड्यांना इस्त्री करताना वापरतात त्या बाटलीत साधे पाणी भरून, स्लोवर चालणाऱ्या इंजिनाच्या एकेका जोडावर बारीक फवारा द्यावा आणि डिस्ट्रिब्युटर व वायरी सांभाळाव्यात. पाणी क्षणभर फट बुजवते आणि इंजिनाचा आवाज बदलतो. ज्यांच्याकडे व्हॅक्यूम गेज आहे त्यांनी ते मॅनिफोल्डला जोडावे. समुद्रसपाटीला निरोगी इंजिन स्लोवर सुमारे १७ ते २१ इंच पारा दाखवते, आणि काटा त्याच्या बराच खाली पण स्थिर असेल तर हवा घेणे किंवा टायमिंग मागे असणे यांपैकी एक कारण असते. कोल्हापूर सुमारे ५५० मीटर उंचीवर असल्याने तेच गेज तिथे जवळपास दोन इंच कमी दाखवते, म्हणून तिकडच्या मेस्त्रीने सांगितलेला आकडा खाली रत्नागिरीत जसाच्या तसा लावू नये.

तळ निर्दोष निघाला तर निपलकडे वळावे. अनेक गाड्यांना चालेल अशा बेताने बनवलेल्या कार्ब्युरेटरला तीन-चार निपल असतात आणि आपल्या गाडीला त्यांतली एक-दोनच लागतात. उरलेल्यांवर रबरी टोप्या असाव्यात, आणि त्या टोप्या उन्हाने फाटलेल्या नसाव्यात. डिस्ट्रिब्युटरच्या ॲडव्हान्सची (ठिणगी लवकर पाडणाऱ्या भागाची) नळी कोणत्या निपलला जाते हे विशेष पाहण्याजोगे आहे. थ्रॉटलच्या चकतीच्या वर उघडणाऱ्या निपलला स्लोवर ओढ नसते, खाली उघडणाऱ्याला पूर्ण ओढ असते. वरच्या निपलची नळी चुकून खालच्याला जोडली तर स्लोवरच टायमिंग पुढे जाते, इंजिनाच्या फेऱ्या वाढतात, मेस्त्री स्लोचा स्क्रू मागे घेतो, आणि क्लच सोडताना गाडी मरते. बोट लावून स्लोवर ओढ जाणवते का हे पाहिले की कोणते निपल कोणते ते लगेच कळते.

आता स्क्रू. स्लोचे मिश्रण ठरवणारा स्क्रू हलक्या हाताने टेकेपर्यंत आत घ्यावा आणि दीड ते दोन फेरे बाहेर सोडून सुरुवात करावी. गरम इंजिनावर हा स्क्रू पूर्ण आत घेतला की इंजिन बंद पडायला हवे. ते बंद पडत नसेल, तर स्लोचे पेट्रोल त्या स्क्रूतून येतच नाही, आणि मग तो कितीही फिरवला तरी उपयोग नाही. सर्वसाधारण कारण असे की, गाडी टिकावी म्हणून कुणीतरी थ्रॉटलची चकती स्क्रूने फार उघडून ठेवलेली असते, त्यामुळे तिच्या काठाशी असलेली पुढच्या टप्प्याची छिद्रे उघडी पडतात आणि पेट्रोल तिथून येते. अशा गाडीला पाय दिल्याबरोबर एक खड्डा जाणवतो, आणि लोक त्याला पिकअप गेला असे म्हणतात. हवेची फट बंद केल्यानंतर चकती पुन्हा जवळजवळ बंद करता येते आणि हा खड्डा बहुधा आपोआप जातो. ज्या कार्ब्युरेटरला स्लोच्या वाटेवर विजेचा सोलेनॉइड (विजेने उघडणारी झडप) आहे, तिथे चावी फिरवल्यावर त्याचा टक असा आवाज येतो की नाही हे आधी ऐकावे. वायर जोडायची राहून गेली असेल तर इंजिन स्लोला टिकणारच नाही. विजेवर चालणाऱ्या चोकची वायर मात्र कॉइलवरून घेऊ नये, कारण त्याने ठिणगी कमजोर होते.

शेवटची खात्री पीयूसी केंद्रावर होते, आणि या यंत्राचा उपयोग आपण फारच कमी करून घेतो. भारत स्टेज २ च्या आधीच्या पेट्रोल मोटारींना स्लोवर ३ टक्क्यांपर्यंत कार्बन मोनॉक्साइड आणि १५०० पीपीएमपर्यंत हायड्रोकार्बन चालते. कार्बन मोनॉक्साइड अगदी कमी, पण हायड्रोकार्बन भरमसाट असे वाचन आले, तर मिश्रण इतके पातळ आहे की काही फेऱ्यांत ते पेटतच नाही. म्हणजे हवा अजून कुठूनतरी आत येत आहे. दोन्ही आकडे जास्त असतील तर पेट्रोल जास्त होत आहे आणि फ्लोटची पातळी, म्हणजे कार्ब्युरेटरच्या वाटीत पेट्रोल किती चढते ते, पाहावी.

घाट चढून थांबल्यावर सुरू होत नाही

इंजिन चालू असते तोवर आत ओढली जाणारी थंड हवा आणि उडणारे पेट्रोल कार्ब्युरेटरला गार ठेवतात. घाटाची चढण संपवून गाडी बंद केली की हे गार ठेवणे एकदम थांबते आणि मॅनिफोल्डची साठलेली उष्णता वर चढू लागते. फ्लोटच्या वाटीतले पेट्रोल उकळून कार्ब्युरेटरच्या घशातून मॅनिफोल्डमध्ये सांडते, नाहीतर पंपाच्या नळीत वाफ होऊन पेट्रोल पुढे सरकत नाही. पहिल्या प्रकारात इंजिनात पेट्रोल जास्त झालेले असते आणि दुसऱ्यात ते अजिबात नसते. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, उपाय मात्र उलट आहेत.

फरक ओळखणे कठीण नाही. फिल्टरचे झाकण काढून, इंजिन बंद असताना, ॲक्सिलरेटर हाताने एकदा पूर्ण उघडावा. घशात पेट्रोलची पिचकारी दिसली आणि भिंती ओल्या असल्या तर पेट्रोल जास्त झाले आहे: पेडल जमिनीपर्यंत दाबून तसेच धरावे, ते पुन्हा पुन्हा न दाबता स्टार्टर मारावा, आणि इंजिन पकडल्यावरच पाय सैल करावा. पिचकारी आली नाही तर वाटी रिकामी आहे: पंपावर आणि नळीवर ओले फडके ठेवून थांबावे, आणि चालू घाटवाहतुकीच्या कडेला बॉनेट उघडून उभे राहण्यापेक्षा गाडी आधीच रुंद जागी घेतलेली बरी. गरम एक्झॉस्टवर किंवा मॅनिफोल्डवर पाणी ओतू नये, ओतीव लोखंडाला तडा जातो.

कायमचा उपाय बहुतेक वेळा त्या बेकेलाइटच्या तुकड्यातच सापडतो. नव्या कार्ब्युरेटरची उंची जास्त असल्याने एअर फिल्टर बॉनेटला लागतो, म्हणून जाड बेकेलाइट काढून नुसती कागदी पॅकिंग लावली जाते, किंवा नव्या खोक्यात तो तुकडाच नसतो आणि जुना कुणाच्या लक्षात राहत नाही. तो तुकडा पुन्हा बसवावा, आणि फिल्टर लागत असेल तर फिल्टरच्या घराचा पर्याय शोधावा. पेट्रोलची नळी आणि प्लास्टिकचा फिल्टर एक्झॉस्टपासून जितके दूर नेता येतील तितके न्यावेत. ज्या गाडीत जास्तीचे पेट्रोल टाकीकडे परत नेणारी दुसरी नळी आहे, त्या गाडीत नव्या कार्ब्युरेटरला ती जोडण्याची सोय नाही म्हणून ती बोळा घालून बंद करणे हा फार महागात पडणारा शॉर्टकट आहे, कारण फिरते पेट्रोल नळीला गार ठेवते आणि वाफेला परत जायला वाट देते. अशा वेळी तीन तोंडांचा फिल्टर वापरून ती वाट चालू ठेवता येते.

फ्लोटची पातळी दोन्ही तक्रारींत भाग घेते. पेट्रोल एक-दोन मिमी वर असले तरी चढणीवर गाडी मागे कलली की ते घशात झिरपते. सोबत मिळालेल्या कागदावर मोजमाप असेल तर तेच धरावे, नसेल तर जुन्या कार्ब्युरेटरची पातळी मोजून तुलना करावी. डायफ्रॅमच्या यांत्रिक पंपाचा दाब साधारण अडीच ते साडेतीन पीएसआय असतो. जुना पंप गेला म्हणून कुणी इंजेक्शनच्या गाडीचा विजेचा पंप लावला असेल, तर त्याचा दाब दहा पटींहून अधिक असल्याने वाटीत येणारे पेट्रोल अडवणारी कोणतीही निडल (सुई) तो अडवू शकत नाही, आणि तिथे आग लागण्याचा खरा धोका आहे.

पेट्रोल, उंची आणि जेट

देशात ई२० पेट्रोलची विक्री फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झाली आणि २०२५ मध्ये मिश्रणाची सरासरी २० टक्क्यांपर्यंत गेली. निव्वळ पेट्रोलच्या एका किलोला जळण्यासाठी सुमारे १४.७ किलो हवा लागते, ई२० ला सुमारे १३.५ किलो पुरते, कारण इथेनॉलमध्ये ऑक्सिजन आधीपासूनच असतो. जुन्या काळच्या पेट्रोलसाठी ठरवलेला जेट तेवढेच पेट्रोल सोडत राहिला तर मिश्रण सुमारे ८ टक्के पातळ होते. ही तूट भरून काढायला जेटच्या भोकाचे क्षेत्रफळ ८ टक्के, म्हणजे व्यास सुमारे ४ टक्के वाढवावा लागतो. ज्या कार्ब्युरेटरच्या जेटवरचा आकडा मिलिमीटरच्या शंभराव्या भागात असतो, तिथे १०० च्या जागी १०५ हे योग्य पुढचे पाऊल आहे. जेट ड्रिलने मोठा करू नये, कारण त्याच्या तोंडाचा उतार बिघडला की नुसत्या व्यासावरून काही सांगता येत नाही.

कोकणापुरती आणखी एक गोष्ट यात मिळवावी लागते. कोल्हापुरात बसवून नीट लावलेला कार्ब्युरेटर घाट उतरून किनाऱ्यावर आला की दाट हवेमुळे त्याचे मिश्रण अडीच-तीन टक्के पातळ होते. पावसाळ्यात हवेतल्या वाफेने साडेतीन टक्क्यांपर्यंत जागा व्यापलेली असते, आणि तेवढी तूट अंशतः भरून निघते. त्यामुळे आषाढात बरी चाललेली गाडी मार्गशीर्षाच्या कोरड्या हवेत झटके मारू लागली तर आश्चर्य वाटू नये. म्हणून जेट बदलण्याचा निर्णय कोरड्या हवेत आणि किनाऱ्यावरच घ्यावा. प्लगच्या रंगावर पूर्ण विसंबू नये, कारण इथेनॉलच्या पेट्रोलवर प्लग नेहमीपेक्षा फिका दिसतो.

मोठा कार्ब्युरेटर बसवला की ताकद वाढेल, ही अपेक्षाही जेटच्या गोंधळात भर घालते. पद्मिनीचे १०८९ सीसीचे इंजिन ५००० फेऱ्यांवर मिनिटाला जास्तीत जास्त सुमारे २७०० लिटर हवा ओढू शकते आणि प्रत्यक्षात त्याहून बरीच कमी ओढते. मारुती ८०० च्या ७९६ सीसीच्या इंजिनाला हाच हिशेब २००० लिटरपर्यंत येतो. त्यापेक्षा फार रुंद घसा दिला तर हवेचा वेग पडतो, पेट्रोल ओढले जात नाही आणि खालच्या गिअरमध्ये गाडी सुस्त होते. मूळ मापाचाच घ्यावा.

मुंबईकर चाकरमान्यांच्या ज्या गाड्या गणपती, शिमगा आणि मे महिना एवढ्यापुरत्याच बाहेर निघतात, त्यांच्यात वरील सगळे बरोबर असूनही दोष परत येतो, कारण इथेनॉल हवेतला ओलावा शोषते आणि पाणी एका मर्यादेपलीकडे गेले की इथेनॉलसह तळाशी वेगळे होते. तो थर वाटीत उतरला की जस्ताच्या मिश्रधातूवर पांढरी भुकटी धरते आणि स्लो जेट, जो सर्वांत बारीक असतो, पहिल्यांदा बुजतो. टाकीतले थोडे पेट्रोल काचेच्या बाटलीत घेऊन रात्रभर ठेवावे. खाली वेगळा थर दिसला तर ते पेट्रोल गाडीत वापरू नये. गाडी महिनाभराहून अधिक उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवावी, म्हणजे दमट हवेला जागा उरत नाही, आणि टाकीकडून पंपाकडे येणारी नळी काढून, तिचे तोंड बंद करून, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवावे, म्हणजे वाटी रिकामी होते. नळ्या बदलताना इथेनॉल सोसणारा रबर घ्यावा; अशा नळीवर एसएई जे३० आर९ असे छापलेले असते. जुना रबर आतून सुटून त्याचे काळे कण निडलखाली बसतात, आणि मग ओव्हरफ्लो होऊन स्टार्टरवर पेट्रोल टपकू लागते, म्हणून अशी गाडी दीर्घकाळाने सुरू करण्यापूर्वी पंपाला हाताने चालवायचा दांडा असेल तर त्याने वाटी भरावी आणि टॉर्चने तळ पाहूनच चावी फिरवावी.